एकतिसावी ओळ

दिवसभर ऐरोलीत मी बँकेच्या ॲपमधल्या चुका धरते,
संध्याकाळी नौपाड्यात, तळमजल्यावर,
कुमुदिनी कर्णिकांच्या वहीतल्या.

वही एकेरी, त्र्याऐंशी सालची.
चित्र कुठेच नाही, नुसते आकडे आणि अक्षरं:
पां सात, हि तीन, ला एक.
पां म्हणजे पांढरा, हि हिरवा,
ला म्हणजे राघूच्या चोचीतली मिरची.

ठाण्यात लोकर घालतं कोण, मी विचारलं होतं एकदा.
"घालायला कशाला? विणायला लागते."
आता मोतीबिंदू काढूनही अक्षरं एकमेकांत शिरतात,
आणि गुरुवारी तीन मुली शिकायला येतात.
त्यांच्या हाती वही द्यायची
तर ती आधी तपासून हवी.

म्हणून मी एक प्रोग्राम लिहिला, जेमतेम शंभर ओळींचा.
ओळीत टाके चोवीस भरतात का, तो बघतो.
डावा राघू उजव्याचा आरसा आहे का, तेही बघतो.
तिसरी गोष्ट त्यांनी सांगितली:
मागून धावणारा धागा
पाच टाक्यांहून लांब मोकळा सुटता कामा नये.
पाचच का?
"बाळाची करंगळी अडकते गं त्यात.
ते रडतं, आणि आई म्हणते, लोकर टोचते."
मी लिहिलं: पाच.
बाजूला टीप: करंगळी.

त्या भिंग धरून वाचायच्या, पाढे म्हणावेत तशा,
मी टंकत जायचे.
पडद्यावर चौकोनी चौकोनी राघू उगवले तेव्हा
त्यांनी चष्मा काढून पुसला.
"अगंबाई. असे दिसतात होय कागदावर!"

कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत निकाल आला.
ओळ एकतीस: टाके तेवीस.

मीच चुकले असेन, म्हणून पुन्हा टंकलं. तेवीस.
भिंगाखाली बोट ठेवून मोजलं. तेवीस.
उजव्या राघूच्या मिरचीला टोक नव्हतं.

त्या बराच वेळ गप्प.
मग बोटांवर मोजू लागल्या.
या वहीवरून सात स्वेटर गेले.
उन्मेषचा भोपाळला, जुळ्यांचे दोन बेळगावला,
एक कुणा डॉक्टरीणबाईंच्या नातवाचा...
"सातही जणांच्या छातीवर अर्धवट मिरची?
आणि एकानेही सांगू नये?"

फोन लावला. उन्मेष आता बेचाळीस वर्षांचा.
ट्रंक उघडल्याचा आवाज आला,
डांबरगोळ्या घरंगळल्याचा,
मग कॅमेऱ्यासमोर आला वीतभर स्वेटर.
"जवळ धर. अजून जवळ. उजवा, अरे, तुझा उजवा नव्हे!"
मिरची होती.
पुरी, टोकासकट, जरा विटलेली.
जुळ्यांचे फोटो आले, त्यांतही होती.

चूक वहीत होती,
लोकरीत ती कधी उतरलीच नव्हती.
मी त्यांच्या हातांकडे बघत राहिले,
तर त्या वैतागून म्हणाल्या,
"म्हणजे मी वाचतच नव्हते की.
दहा-बारा ओळी झाल्या की कोण वाचत बसतं!"

मला भरून वगैरे आलं.
म्हटलं, राहू द्या ना मग तशीच,
तुमची खूण म्हणून.

"खूण कसली डोंबलाची?
त्या पोरींना माझे हात आहेत का?
त्या वहीवर विसंबणार.
लिही तिथे, ला एक."

निळ्या रिफिलने त्यांनी वहीत लिहिलं,
मी पडद्यावर.
पुन्हा चालवलं. एकतीस पार, चाळीस पार,
पुढचा-मागचा भाग निर्दोष.
त्या खुर्चीत ऐसपैस टेकल्या,
फोन टेबलावर तसाच चालू,
भोपाळला कोणीतरी स्वेटरची घडी घालत होतं.

मग पडद्यावर लाल रेघ उमटली.
बाही, ओळ नऊ: मागचा धागा सात टाके मोकळा.

त्यांनी ती मला दोनदा वाचायला लावली.
वहीत सात. आठवणीतही सातच.
फोन हळूच उचलून कानाशी नेला:
"उन्मेष, बाही घालताना तू फार रडायचास,
नाही रे?"